दिंडोरी

हा लेख महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी गाव व तालुका यांविषयी आहे. याच नावाचा जिल्हा मध्य प्रदेशातही आहे.

दिंडोरी हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून नाशिक शहराच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर, नाशिक–वणी मार्गावर वसलेले आहे. येथे नगरपंचायत आहे. १६७० ची वणी–दिंडोरीची लढाई, कादवा खोऱ्यातील धरणे व द्राक्षशेती यांमुळे हा परिसर ओळखला जातो.

भूगोल

तालुक्याच्या दक्षिणेस नाशिक, पश्चिमेस पेठ, उत्तरेस सुरगाणा व कळवण, तर पूर्वेस चांदवड व निफाड हे तालुके आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग असून उत्तर सीमेवर सातमाळा रांग पूर्वेकडे पसरत जाते. अहिवंत, अचला व मोहनदर हे किल्ले या उत्तरेकडील डोंगरांत आहेत. रामसेज हा किल्ला मात्र तालुक्याच्या दक्षिण भागात, आशेवाडी गावाजवळ आहे.

पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो व भात, नागली, वरई ही पिके घेतली जातात. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो आणि जमीन सपाट व काळी होते. बागायत मुख्यतः या भागात आहे.

कादवा ही तालुक्याची प्रमुख नदी. ती पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून आग्नेयेस वाहते आणि निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरजवळ गोदावरीस मिळते. कोळवण व उनंदा या तिच्या उपनद्या होत.

इतिहास

३ ऑक्टोबर १६७० पासून छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी केली. परतीच्या वाटेवर मराठ्यांचे सैन्य बागलाणातून दक्षिणेकडे येत असता मोगल सरदार दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपूरहून त्यांना अडविण्यासाठी आला. १७ ऑक्टोबर १६७० रोजी वणी–दिंडोरीच्या परिसरात दोन्ही सैन्यांची गाठ पडली. मोगलांच्या आघाडीस असलेला इखलासखान जखमी झाला व मराठे विजयी झाले. गनिमी काव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मराठ्यांनी उघड्या मैदानात मिळविलेला विजय म्हणून या लढाईस महत्त्व आहे. मोगल छावणीतील भीमसेन सक्सेना याने आपल्या फार्सी वृत्तांतात तिचे वर्णन केले आहे.

छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ मध्ये, औरंगजेबाने शहाबुद्दीनखानास रामसेज घेण्यास पाठविले. किल्ला आकाराने लहान व फारसा दुर्गमही नाही. तरीही शहाबुद्दीनखान आणि त्याच्यानंतर आलेला बहादूरखान कोकलताश या दोघांनाही तो घेता आला नाही. किल्ल्यावर लोखंडी तोफा नसल्याने मावळ्यांनी लाकडी तोफा करून त्यांवर कातडे चढविले, असे इतिहासकार खाफीखान सांगतो. किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ मराठ्यांकडे राहिला आणि अखेर लढाईने नव्हे, तर फितुरीने मोगलांच्या हाती गेला. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर रामसेजसह परिसरातील अनेक किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला.

पाणी व सिंचन

करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड व पुणेगाव ही धरणे या तालुक्यात आहेत. त्यांपैकी पालखेड हे १७२८ च्या प्रसिद्ध लढाईचे स्थळ नव्हे. ते पालखेड वैजापूर तालुक्यात आहे.

या धरणांचे बरेचसे पाणी तालुक्याबाहेर जाते. पालखेडचा डावा कालवा निफाड व येवला तालुक्यांना पाणी पुरवितो आणि मनमाडसारखे टंचाईग्रस्त शहरही या पाण्यावर अवलंबून आहे. त्यामुळे अपुऱ्या पावसाच्या वर्षी आवर्तनाचा प्रश्न येथे नेहमीच तीव्र होतो. पश्चिमेकडे वाहून जाणारे पार नदीच्या खोऱ्यातील पाणी बोगद्याद्वारे पुणेगाव धरणात आणणारी मांजरपाडा वळण योजनाही याच तालुक्यात आहे. तिचा उद्देशही प्रामुख्याने चांदवड व येवला या पूर्वेकडील तालुक्यांना पाणी देणे हा आहे.

कोळवण नदीवरील वाघाड प्रकल्पात या प्रश्नाला शेतकऱ्यांनी वेगळे उत्तर शोधले. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी पोहोचत नसे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून बापूसाहेब उपाध्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्थापन केल्या. संस्थेला पाणी मोजून मिळते, ती सभासदांना ते वाटते व पाणीपट्टी वसूल करते. पीक कोणते घ्यावे हे शेतकरी ठरवितो. कालव्याच्या पाण्याने विहिरींचे पुनर्भरण झाल्याने त्यांवर ठिबक सिंचनाची द्राक्षे घेणे शक्य झाले. पुढे संपूर्ण प्रकल्पावर २४ संस्था व त्यांचा महासंघ उभा राहिला. महाराष्ट्राने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याआधीच हा प्रयोग येथे रुजला होता.

अर्थव्यवस्था

द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस व भाजीपाला ही बागायती भागातील पिके आहेत. द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. घड तयार होत असताना अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाल्यास वर्षभराचा खर्च वाया जातो. ढगाळ हवेत डाऊनी व भुरी या रोगांचा धोका असतो. छाटणी, विरळणी व काढणीच्या हंगामात पेठ व सुरगाणा भागांतील आदिवासी मजुरांच्या टोळ्या कामास येतात. बागायती पूर्व व कोरडवाहू पश्चिम या दोन्ही भागांचे जीवन अशा रीतीने परस्परांशी जोडलेले आहे.

मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांची निर्यात करते. येथील द्राक्षांपासून वाइनही तयार होते. सुला कंपनीच्या एका वाइनला दिंडोरीचेच नाव आहे. कादवा सहकारी साखर कारखाना राजारामनगर येथे आहे. नाशिक विमानतळाची प्रवासी इमारत जानोरी गावाच्या हद्दीत आहे.

लोकजीवन

तालुक्यातील शंभराहून अधिक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल व वारली हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेव व दिवाळीच्या वेळची वाघबारस हे सण डोंगराळ भागात पाळले जातात. मार्च २०१८ मध्ये वनहक्कांच्या मागणीसाठी नाशिकहून मुंबईस निघालेल्या शेतकरी मोर्चात या भागातील आदिवासी शेतकरी सहभागी झाले होते.

सप्तशृंगी गडावर जाणारे नाशिककडील भाविक दिंडोरी व वणीमार्गे जातात. चैत्र व नवरात्र यात्रांच्या काळात हा रस्ता पदयात्रींनी गजबजलेला असतो. कोजागरी पौर्णिमेस कावडधारी गडावर जातात. श्री स्वामी समर्थ सेवामार्गाचे प्रधान केंद्र दिंडोरीत आहे.

राजकीय

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून दिंडोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ आहे. हरिश्चंद्र चव्हाण (२००९, २०१४), डॉ. भारती पवार (२०१९) व भास्कर भगरे (२०२४) हे येथून निवडून आले.