एका विषाणूची मूक आज्ञापत्रे

कर्करोग हा संसर्गातून उद्भवू शकतो काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्रात जुना आहे, आणि त्याची उपेक्षाही तितकीच जुनी आहे. १९११ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत पेटन राउस ह्यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा रस गाळून, त्यातील पेशी सर्वस्वी काढून टाकून, तो निरोगी कोंबड्यांना टोचला; त्यांनाही अर्बुदे झाली. पेशीहून लहान असे काहीतरी रोगाचे बीज वाहून नेत होते, हे त्यावरून उघड झाले. परंतु कोंबडीचा रोग तो कोंबडीचा, मनुष्याचा त्याशी काय संबंध, असे म्हणून विद्वानांनी तो विषय बाजूस सारला. राउस ह्यांना नोबेल पारितोषिक मिळावयास १९६६ साल उजाडावे लागले.

मनुष्याच्या बाबतीत ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते आफ्रिकेत. युगांडातील कंपाला येथे डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यवैद्य काम करीत होते. १९५७ साली त्यांच्यापुढे एक मूल आणण्यात आले; त्याच्या जबड्याच्या चारही बाजूंस विचित्र सूज आली होती. पुढे तशीच आणखी मुले दिसू लागली, तेव्हा बर्किट ह्यांनी जुनी टिपणे चाळली आणि हा एक स्वतंत्र रोग असल्याचे १९५८ साली प्रसिद्ध केले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह एक जुनी मोटार घेऊन त्यांनी पूर्व व दक्षिण आफ्रिकेत सुमारे १० हजार मैल प्रवास केला आणि रुग्णालयोरुग्णाली जाऊन रोग कोठे आढळतो व कोठे नाही, ह्याचा नकाशा तयार केला. उष्ण व भरपूर पावसाच्या प्रदेशात रोग होता. थंड पठारांवर तो जवळजवळ नव्हता. रोगाला भूगोल असेल, तर तो पसरविणारे कोणीतरी असले पाहिजे.

त्याच वर्षी, २२ मार्च १९६१ रोजी, बर्किट ह्यांचे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाईन हे संशोधक होते. राउस ह्यांच्या कोंबडीच्या विषाणूवर त्यांनी स्वतः काम केले होते; त्यामुळे इतरांना जे केवळ एक दूरदेशीचे कुतूहल वाटले असेल, त्यात त्यांना विषाणूची चाहूल लागली. कंपालाहून अर्बुदाचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ काहीच हाती लागेना. ५ डिसेंबर १९६३ रोजी धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळविण्यात आले आणि नमुना उशिरा पोहोचला. द्रव गढूळ झाला होता. जीवाणू शिरले असावेत, म्हणून तो फेकून देणेच रास्त होते. एप्स्टाईन ह्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो त्यात अर्बुदाच्याच जिवंत पेशी सुट्या तरंगत होत्या! अशा सुट्या पेशी वाढविता येतात, हे ध्यानी आल्यावर मार्ग मोकळा झाला. फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसला. एप्स्टाईन, त्रिनिदादचे बर्ट अचाँग व आयर्लंडच्या इव्होन बार ह्या तिघांचा निबंध मार्च महिन्यात प्रसिद्ध झाला. विषाणूला एप्स्टाईन-बार हे नाव पडले. अचाँग ह्यांचे नाव मात्र गळले, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

पुढे कळले ते अधिकच चकित करणारे होते. हा विषाणू आफ्रिकेतल्या मुलांपुरता नाही; जगातील प्रौढांपैकी शेकडा ९० हून अधिकांच्या शरीरात तो आजन्म मुक्काम करून असतो. तरुणांना होणारा ग्रंथिज्वर त्याचाच, हे १९६८ साली फिलाडेल्फियाच्या हेन्ले दांपत्याने दाखविले. दक्षिण चीनमध्ये आढळणाऱ्या नासाग्रसनीच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. तेव्हा विषाणू अंगी असणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. बर्किटच्या अर्बुदात हिवतापाचा उपद्रव आणि पेशीतील गुणसूत्रांची अदलाबदल हीही कारणे असतात. पण इतक्या लोकांच्या शरीरात, रोगप्रतिकारशक्ती जागी असताना, हा पाहुणा जन्मभर लपून राहतो तरी कसा? बर्किटच्या अर्बुदातील पेशींत तर हा विषाणू बहुधा एकच प्रथिन तयार करतो. शरीराचे रक्षक परकी प्रथिने पाहून शत्रू ओळखतात. ज्याने प्रथिनेच बनविली नाहीत, त्याला ओळखावे कशाने?

ह्या कोड्याचा उलगडा अगदी निराळ्या दिशेने आला. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन हे दोघे अमेरिकी शास्त्रज्ञ एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या वाढीचा अभ्यास करीत होते. त्यांना असे एक जनुक सापडले की त्यातून प्रथिन मुळीच बनत नाही. बनतो तो केवळ २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. पेशीत जनुकाची आज्ञा संदेशवाहक आरएनएच्या रूपाने प्रथिनांच्या कारखान्याकडे जाते. हा चिमुकला तुकडा त्या संदेशाच्या जुळत्या अक्षरांवर जाऊन बसतो आणि आज्ञा तेथेच अडते. जुळणीस सारी अक्षरे लागत नाहीत. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे जुळली तरी पुष्कळदा पुरते. त्यामुळे एकच सूक्ष्म-आरएनए अनेक जनुकांचा आवाज मंद करू शकतो. २००० साली अशा तुकड्यांपैकी एक मनुष्यासह अनेक प्राण्यांत जसाच्या तसा आढळला, तेव्हा ही केवळ कृमीची लहर नव्हे हे पटले. ह्या शोधाला २०२४ साली नोबेल पारितोषिक लाभले.

विषाणूंनी ही कळ कधीच हस्तगत केली होती. २००४ साली सेबास्टियन फेफर, थॉमस टुशल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्स्टाईन-बार विषाणूच्या पाच सूक्ष्म-आरएनएंचा शोध जाहीर केला. विषाणूंचे सूक्ष्म-आरएनए प्रथम उजेडात आले ते असे, आणि तेही ज्या रॉकफेलर संस्थेत राउस ह्यांनी कोंबड्या टोचल्या होत्या तिच्याच प्रयोगशाळेतून. आज ह्या विषाणूचे असे ४० हून अधिक तुकडे ज्ञात आहेत. त्यांना जागा थोडी लागते, आणि प्रथिन नसल्यामुळे रक्षकांच्या नजरेस ते पडत नाहीत.

त्यांचे काम पाहिले म्हणजे कारस्थानाची कल्पना येते. संकटात सापडलेली पेशी आपल्या पृष्ठावर मिकबी नावाचे प्रथिन झळकविते. ती खूण पाहून मारक पेशी तिचा नाश करतात. २००७ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूचा एक सूक्ष्म-आरएनए ही खूणच उतरवितो. दोन वर्षांनी कळले की एप्स्टाईन-बार आणि कपोशीच्या अर्बुदाचा विषाणू हेही तेच करतात. तिघांच्या तुकड्यांची अक्षरे निरनिराळी. नेम मात्र एकाच खुणेवर! दुसरा एक तुकडा, बार्ट-५, पेशीच्या स्वेच्छामरणास प्रवृत्त करणारे पुमा हे प्रथिन आवरतो, असे २००८ साली हाँगकाँगमध्ये आढळले. बिघडलेल्या पेशीने स्वतःचा अंत करून घेणे हा शरीराचा एक धर्मच आहे. तो मोडला की कर्करोगाची वाट सुकर होते.

कपोशी विषाणूची आणखी एक कृती तर नाण्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्याची आठवण करून देते. मनुष्याच्या पेशीत १५५ क्रमांकाचा एक सूक्ष्म-आरएनए असतो. तो अतिरिक्त झाला की उंदरांत रक्तपेशींचा कर्करोग होतो. ह्या विषाणूने आपल्या एका तुकड्याची आरंभीची अक्षरे नेमकी त्याच्यासारखी ठेवली आहेत, हे २००७ साली दिसून आले. एप्स्टाईन-बार विषाणू नक्कल करीत बसत नाही. तो पेशीकडूनच अस्सल नाणे अधिक पाडून घेतो.

ह्या क्षेत्रात घाईही झाली आहे. हर्पिस विषाणूच्या एका सूक्ष्म-आरएनएविषयी २००६ साली एका नामांकित नियतकालिकात आलेला निबंध २००८ साली मागे घ्यावा लागला. संगणकाने जुळणी दाखविली म्हणून पेशीत तसे घडतेच असे नाही.

ह्यापेक्षा बोधक प्रकार एप्स्टाईन-बार विषाणूच्या संहितेचाच आहे. १९८४ साली तिची १ लाख ७२ हजारांवर अक्षरे वाचून झाली, ती मार्मोसेट माकडाच्या पेशींत वाढविलेल्या एका प्रतीवरून. त्या प्रतीत सुमारे १२ हजार अक्षरांची पाने गहाळ होती. गहाळ भाग दुसऱ्या आफ्रिकी पेशीवंशावरून भरून काढला गेला. पण २००४ सालचा शोध त्याच तुटक प्रतीवर लागला, आणि बार्ट गटाचे बहुतेक सूक्ष्म-आरएनए नेमके त्या गहाळ पानांवर होते. म्हणून प्रथम पाचच हाती लागले. ती तुटकी प्रत प्रयोगशाळेच्या बशीत मानवी पेशींना आजही अखंड वाढावयास लावते. म्हणजे एवढ्या कामासाठी ती पाने लागत नाहीत. उलट नासाग्रसनीच्या अर्बुदात त्याच बार्ट गटाचे तुकडे विपुल सापडतात. बशीत रक्षक पेशींचा पहारा नसतो, शरीरात असतो. त्या तुकड्यांचे खरे काम पहारा चुकविण्याचे असावे, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे, आणि आता तपास चालला आहे तो त्याच दिशेने.