संकटग्रस्त परदेशी पक्षी : अमेरिकेतील कायदेशीर संरक्षण

अमेरिकेबाहेरच्या, नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या पक्ष्यांना तिथल्या केंद्रीय कायद्यांनी दिलेले संरक्षण. टेक्सासमधील शुगर लँड येथे मकाऊ किंवा काकाकुवा पाळणाऱ्यालाही ते लागू आहे. अशा पक्ष्यांच्या आयातीवर प्रथम बंधन आले ते १९६९ च्या कायद्याने. २८ डिसेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झालेल्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने परवान्याविना आयात, निर्यात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री यांना मनाई केली. मात्र कायदेशीर मार्गाने आलेला पक्षी टेक्सासमधल्या टेक्सासमध्ये विकला, तर या कायद्याचा भंग होत नाही. ही पळवाट लहान नाही. ग्रेट ग्रीन आणि मिलिटरी मकाऊ २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आले, तर हायसिंथ मकाऊ २०१८ मध्ये.

खरी जरब बसवली ती २३ ऑक्टोबर १९९२ च्या वन्य पक्षी संवर्धन कायद्याने. १९८० च्या दशकात रानातून पकडलेल्या पक्ष्यांची सर्वात मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच होती आणि कितीतरी पक्षी वाटेतच मरत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारातील बहुतेक पक्ष्यांची आयात या कायद्याने बंद केली. सलग वर्षभर परदेशात राहिलेल्या व्यक्तीला मात्र परवाना काढून वर्षाला दोन पाळीव पक्षी आणता येतात. पुण्याहून शुगर लँडला बिऱ्हाड हलवताना पहाडी पोपट न्यायचा असेल, तर मात्र याचा उपयोग नाही, कारण तो भारतात पाळणेच गुन्हा आहे.

व्यापार रोखण्यात हे कायदे समर्थ आहेत, अधिवास वाचवण्यात दुबळे. परदेशातील भूभागाला ‘अत्यावश्यक अधिवास’ असा दर्जा अमेरिकेला देता येत नाही. माळढोकाचेच पाहा. १९७० पासून तो अमेरिकेच्या यादीत आहे. पण त्याला कोणी पिंजऱ्यासाठी पकडत नाही. त्याचा जीव जातो तो गवताळ माळ नांगराखाली गेल्याने आणि विजेच्या तारांना धडकून. महाराष्ट्रातील नान्नजच्या अभयारण्यातून तो जवळजवळ दिसेनासा झाला तो याच यादीत असताना. तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.