मात्रा वाढवून मात्रा चालत नाही

प्रयोगशाळेत घडवलेली ऊती शरीरात रुजेना, की ‘ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) कमी पडला, मात्रा वाढवा’ असं सर्रास सांगतात. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं आणि तिथे नवं हाड धरलं, ही गोष्ट 1965ची. त्यामागच्या प्रथिनाला, म्हणजे हाडाच्या ग्रोथ फॅक्टरला, पुढे बीएमपी म्हणू लागले. उंदराला ते मायक्रोग्रॅममध्ये पुरतं, माणसाला मिलिग्रॅम लागतात. मग जास्त दिलं की जमतं, हे सिद्धच झालं ना?

मला त्यात उलटंच दिसतं. 2002 मध्ये अमेरिकेत कमरेचे मणके जोडण्यासाठी बीएमपी-2 या त्याच्या प्रकाराला मान्यता मिळाली. कोलॅजेनचा स्पंज द्रावणात भिजवायचा आणि धातूच्या पिंजऱ्यात बसवायचा. द्रावणात दर मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम प्रथिन. शरीराचा स्वतःचा हिशेब नॅनोग्रॅमचा. एवढी उधळण कशाला? तर स्पंज ते धरून ठेवत नाही म्हणून. ओंजळ गळते, म्हणून घागर उपडी करायची! आणि गळालेलं प्रथिन वाया जातं म्हणावं, तर तेही नाही. पोचेल तिथे ते काम करतं. मान्यता नसताना ते मानेच्या मणक्यांत वापरलं गेलं, गळा सुजून श्वास अडल्याच्या तक्रारी आल्या आणि 2008 मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामकाला इशारा द्यावा लागला. कलमासाठी रुग्णाच्या कमरेचं हाड खरवडायची जुनी रीत टळली, हा फायदा मान्य. पण 2013 च्या दोन स्वतंत्र फेरतपासण्यांत रुग्णाच्या दुखण्या-चालण्यात त्या जुन्या कलमापेक्षा फारसा फरक दिसला नाही.

मात्रावाद्यांनी 2004चा स्टॅनफर्डचा प्रयोग जरूर वाचावा. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर स्रवणाऱ्या पेशी उंदरांच्या स्नायूत सोडल्या. सगळ्या पेशी बेताचं आणि सारखं स्रवत होत्या, तिथे नीट केशवाहिन्या झाल्या. काही भरपूर, काही नाममात्र, अशी सरमिसळ होती तिथे सरासरी तेवढीच असूनही रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या. एकूण बेरीज पेशीला कळतच नाही. तिला कळतं ते तिच्या अंगाशी काय आहे एवढंच.

म्हणून खरं औषध म्हणजे प्रथिन जागेवर धरून ठेवणारा वाहक, असं माझं मत. शरीरही हे घटक मोकळे सोडत नाही, पेशींभोवतीच्या जाळ्यात हेपरान सल्फेटच्या साखळ्यांना बांधून ठेवतं. आता कुणी नवा ग्रोथ फॅक्टर घेऊन आला, तर किती मिलिग्रॅम घातला हे नंतर विचारा. सातव्या दिवशी त्यातला किती, आणि कुठे, उरला होता ते आधी विचारा.