रणगाड्यातला एकवीस वर्षांचा मुलगा, आणि क्षमा



१६ डिसेंबर म्हटले की ढाक्याची शरणागती आठवते. त्याच दिवशी पश्चिम सीमेवर अरुण खेतरपाल यांना वीरमरण आले. वय २१ वर्षे २ महिने.

अरुण यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, आपल्या पुण्यातला. घराणे मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेले. वडील एम. एल. खेतरपाल सैन्यात इंजिनिअर, पुढे ब्रिगेडियर झाले. अरुण खडकवासल्याच्या एनडीएत शिकले आणि १३ जून १९७१ रोजी पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते.

शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे आपल्या फौजेने पाय रोवले होते. तिथे पाकिस्तानच्या १३ लान्सर्सने पॅटन रणगाड्यांनिशी प्रतिहल्ला केला. त्या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले, त्यांतले चार एकट्या अरुण यांनी टिपले. त्यांच्या ‘फामागुस्ता’ने पेट घेतला. वायरलेसवर बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असे सांगून त्यांनी रणगाडा सोडायला नकार दिला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना मिळालेले परमवीर चक्रही याच पूना हॉर्सचे.

आपण पाणी गाळून पिणारी माणसे. मग अशा योद्ध्यापुढे हात कसे जोडायचे, असे माझी नात विचारते. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. देश किंवा घर राखताना घडते ती विरोधी हिंसा. तीही हिंसाच, पण ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्राने ओळखले आहे.

मला मात्र या कथेचा पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. २००१ मध्ये, ८१ व्या वर्षी, ब्रिगेडियर खेतरपाल आपले जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. तिथे ख्वाजा मोहम्मद नासेर या निवृत्त ब्रिगेडियरांनी त्यांना घरी ठेवून मनापासून पाहुणचार केला. निघण्याच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितले की त्या दिवशी अरुण यांच्यासमोर रणगाड्यात तेच होते. मुलगा त्यांच्याच हातून गेला. न सांगता राहता आले असते. पण ते बोलले, आणि वडिलांनी वैर धरले नाही.

दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. क्षमावाणीला आपण जाऊबाईंना, शेजारणीला हात जोडतो. पण जिच्याशी खरोखर अबोला आहे, तिचे दार बहुधा टाळतो. खडकवासल्याच्या परेड मैदानाला आज खेतरपाल हे नाव आहे. ते मुलाच्या शौर्याचे. त्याच आडनावाच्या बापाची क्षमा आपण आपल्या घरात जपू या.