इंजिनियरिंग आणि इंजिनियरिंग टेक्नॉलॉजी : एका शब्दाचा इतिहास

अर्जांच्या मोसमात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "मुलाला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला नाही मिळालं, पण त्याच विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग टेक्नॉलॉजीला मिळालंय. एकच ना?" त्यावर पुण्याहून काका किंवा मामा छातीठोक सांगतात, "अरे, टेक्नॉलॉजी आहे म्हणजे उलट भारी! आपलं बी.टेक. बघ की."

एकच नाही. आणि काका-मामांचा तर्क अमेरिकेत उलटा पडतो. तो का, हे समजायला जरा मागे जावं लागेल. आम्हा सीए लोकांना परदेशात आपल्या नावापुढची अक्षरं समजावून सांगायची सवय असते, म्हणून हा विषय मला जवळचा.

सुरुवात पुण्यातूनच होते. १८८२ साली पुण्याचे केशव मल्हार भट बॉस्टनच्या एमआयटीत दाखल झाले. तिथले ते पहिले भारतीय विद्यार्थी. आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या पुढच्या वर्षी. आनंदीबाई आपल्याला शाळेपासून माहीत, भटांचं नाव मात्र फारसं कुणी ऐकलेलं नसतं. ते वर्षही मोठं गमतीचं होतं. त्याच वर्षी एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, त्याच वर्षी जर्मनीत डार्मस्टाटला इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगचं अध्यासन निघालं आणि त्याच वर्षी एमआयटीने हा विषय भौतिकशास्त्र विभागाखाली शिकवायला घेतला. टिळक-आगरकरांच्या मंडळींचं 'मराठा' हे इंग्रजी साप्ताहिक तेव्हा एमआयटीचं कौतुक करत होतं आणि आपल्याकडेही असं काही हवं म्हणत होतं. म्हणजे 'इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' या शब्दांविषयीचा मराठी माणसाचा आदर आयआयटीच्या कितीतरी आधीचा आहे.

त्या काळात इंजिनियर आणि टेक्नॉलॉजिस्ट अशी फाळणी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनियरिंगची पदवी नव्हती; मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते ड्रॉइंग शिकवायचे. पण मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी १९२२ मध्ये एमआयटीला मेकॅनिकल शिकायला पाठवलं. तेव्हाच्या अमेरिकन इंजिनियरिंगमध्ये ड्रॉइंग, ओतकाम, मशीनशॉप भरपूर असायचं. हात काळे करणं हा पदवीचाच भाग होता.

इथे एक कायद्याची नोंद करते, कारण आजच्या व्हिसाच्या कटकटींना ती पार्श्वभूमी आहे. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने भारतासकट बहुतेक आशियातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं, पण विद्यार्थ्यांना सूट होती. आणि १९२३ मध्ये, शंतनुराव तिथे शिकत असतानाच, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात ठरवलं की भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही. शिका आणि घरी जा, एवढाच सौदा. १९२६ मध्ये शंतनुराव परतले आणि किर्लोस्करवाडीत कामाला लागले. त्यांच्या पदवीचं नेमकं नाव विचारणारं तिथे कुणी नव्हतं. काम येतं का, एवढाच प्रश्न होता.

नावाला किंमत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि दोन देशांत दोन उलट्या दिशांनी.

भारतात नलिनीरंजन सरकार समितीने एमआयटीच्या धर्तीवर संस्था काढायची शिफारस केली. १९५१ मध्ये खरगपूर, १९५८ मध्ये पवई. पदवीचं नाव बी.टेक. आपल्या डोक्यात 'टेक' म्हणजे सर्वात वरची पायरी, ती तेव्हापासून.

अमेरिकेत मात्र युद्धाने वेगळाच धडा दिला. रडार आणि अणुबॉम्बच्या कामात भौतिकशास्त्रज्ञ पुढे होते, इंजिनियर मागे पडले. त्यांचं गणित आणि विज्ञान कमी पडलं अशी भावना झाली. मग ग्रिंटर समिती बसली. तिच्या सुरुवातीच्या मसुद्यात इंजिनियरिंगचे दोन प्रवाह करावेत अशी सूचना होती, एक विज्ञानाकडे झुकणारा आणि एक व्यवसायाकडे. कॉलेजांना ती रुचली नाही. दुसऱ्या प्रवाहात आपली गणना व्हावी असं कुणाला वाटेल? १९५५ च्या अंतिम अहवालातून ती सूचना गेली. उरलं ते एवढंच : गणित, भौतिकशास्त्र आणि विद्युत सिद्धांतासारखे पायाभूत विषय वाढवा. दोन वर्षांनी रशियाने स्पुटनिक सोडला आणि या विचाराला आणखी जोर आला. वर्कशॉपचे तास आक्रसले.

पण कारखान्यात पॅनेल उभारणारा, मोटर का तापते ते शोधणारा, चाचण्या घेणारा माणूस तर लागतोच. ती पोकळी दोन वर्षांच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटनी भरली आणि १९६० च्या दशकात त्यातूनच चार वर्षांची 'इंजिनियरिंग टेक्नॉलॉजी' ही पदवी मोठी झाली. ग्रिंटर समितीने जी फाळणी कागदावरून खोडली, ती दहा-पंधरा वर्षांत मागच्या दाराने आली.

आमच्या भाषेत सांगायचं तर रक्कम तीच, पण वेगळ्या खात्यात टाकलेली. आणि ऑडिटर खातं बघतो.

अमेरिकेत मान्यता देणारी संस्था एबीईटी. तिचे दोन वेगळे आयोग आहेत : इंजिनियरिंगसाठी ईएसी, टेक्नॉलॉजीसाठी ईटीएसी. पर्ड्यूसारख्या विद्यापीठात दोन्ही शाखा आहेत, वेगवेगळ्या विभागांत. टेक्नॉलॉजीच्या मुलाला लॅब जास्त, पीएलसी, ड्राइव्हज, इन्स्ट्रुमेंटेशन लवकर हातात येतं. वरच्या पातळीचं गणित आणि विद्युतचुंबकीय सिद्धांत कमी. मला विचाराल तर ज्या मुलाला समीकरणापेक्षा सोल्डरिंग आवडतं त्याच्यासाठी ही उत्तम पदवी आहे. "कमी दर्जाची" म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण आईवडिलांनी परिणाम माहीत करून घ्यावेत. पीई, म्हणजे व्यावसायिक इंजिनियरचा परवाना, प्रत्येक राज्य आपल्या नियमाने देतं. काही राज्यं टेक्नॉलॉजीच्या पदवीवर जास्त वर्षांचा अनुभव मागतात, काही तिला मानतच नाहीत. अमेरिकन सरकारी नोकरीतल्या इंजिनियर पदांसाठीही ही पदवी आपोआप पात्र ठरत नाही. पुढे इलेक्ट्रिकलमध्ये एम.एस. करायचं तर अनेक ठिकाणी आधी गणिताचे राहिलेले विषय पुरे करायला सांगतात.

इमिग्रेशन खात्याला मात्र या भेदाशी फारसं देणंघेणं नाही. त्यांच्या यादीत इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगचा कोड १४.१००१, टेक्नॉलॉजीचा १५.०३०३, दोन्ही स्टेम. त्यामुळे शिक्षणानंतरच्या वर्षभराच्या ओपीटीवर मिळणारी वाढ (२००८ मध्ये १७ महिने होती, २०१६ पासून २४) दोघांनाही मिळू शकते. इथेच बऱ्याच घरांची गफलत होते. स्टेम आहे, ओपीटी आहे, मग सगळं सारखंच, असं वाटतं. व्हिसाचा हिशोब जुळतो, परवान्याचा जुळत नाही, आणि तो प्रश्न समोर येतो पाच-सहा वर्षांनी, तेव्हा मूल नोकरीला लागलेलं असतं.

गल्फमधल्या मंडळींसाठी, कारण तिथली मुलं कॅनडा आणि इंग्लंडलाही जातात : कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात बी.टेक. ही टेक्नॉलॉजीची पदवी आहे, इंजिनियरची बी.इंज. वेगळी. इंग्लंडमध्ये चार्टर्ड इंजिनियर आणि इनकॉर्पोरेटेड इंजिनियर अशा दोन निरनिराळ्या नोंदण्या आहेत. देशांनी एकमेकांच्या पदव्या मानायचे करारही दोन. इंजिनियरिंगसाठी १९८९ चा वॉशिंग्टन करार, ज्यात भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, आणि टेक्नॉलॉजीसाठी २००१ चा सिडनी करार.

तेव्हा प्रवेशपत्र आलं की पदवीचं पूर्ण नाव वाचा. एबीईटीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव टाकून आयोग कोणता ते बघा. आय-२० वर कोड छापलेला असतो, तोही बघा. मग ज्या राज्यात मूल पुढे राहील असं वाटतं, तिथल्या परवाना मंडळाचा नियम शोधा. आणि मुलाला विचारा, त्याला चार वर्षं काय करायला आवडेल. काकांना बी.टेक.ची गोष्ट नंतर समजावता येईल.