नामशेष कुळाचा हयात वारस

एखाद्या प्राण्याला ‘नामशेष’ म्हणतात, तेव्हा ते विधान त्या प्राण्याबद्दल असतं की आपल्या नोंदवहीबद्दल? लाओसमधल्या एका कृंतकाच्या, म्हणजे उंदीर-खार-साळिंदरांच्या गणातल्या प्राण्याच्या, वर्गीकरणाचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न पडला.

मध्य लाओसच्या खम्मुआन प्रांतात चुनखडीच्या डोंगरांत हा प्राणी राहतो. चेहरा उंदराचा, शेपूट खारीसारखी केसाळ. स्थानिक लोक त्याला ‘खा-न्यू’ म्हणतात, सापळे लावून पकडतात आणि खातात. संशोधकांना तो पहिल्यांदा दिसला तोही १९९६ साली, थाखेकच्या बाजारात, खाण्यासाठी विकायला ठेवलेला.

२००५ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या पॉलिना जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं ‘लाओनास्टिस एनिग्मॅमस’ असं बारसं केलं. नावातच ‘कोडं’ आहे. कवटी साळिंदराच्या वळणाची, तर खालचा जबडा खार-उंदरांच्या वळणाचा. कुठल्याच हयात कुळात तो बसेना, म्हणून त्यांनी नवं कुळ मांडलं : लाओनास्टिडी.

हे कुळ जेमतेम वर्षभर टिकलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममधल्या मेरी डॉसन जीवाश्मांच्या अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की हे दात आणि हा जबडा विज्ञानाला आधीपासून ठाऊक आहे. चीनच्या शानडाँग प्रांतातल्या मायोसीन काळातल्या खडकांतून ली चुआनक्वी यांनी १९७४ साली ‘डायटोमिस’ नावाच्या कृंतकाचं वर्णन केलं होतं. डायटम या सूक्ष्म शेवाळाच्या गाळात तो जपला गेला, म्हणून हे नाव. त्याचे आणखी जुने नातलग बलुचिस्तानातल्या बुग्ती टेकड्यांत सापडले. या सगळ्यांचं कुळ डायटोमायिडी. ते १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी संपलं असं मानलं जाई. खा-न्यू याच कुळातला निघाला. डॉसन यांच्या लेखाच्या सहलेखकांत खुद्द ली होते, हे मला विशेष वाटतं.

पुढे २००७ साली डीएनएच्या अभ्यासातून त्याचे सर्वांत जवळचे हयात नातलग आफ्रिकेतले गुंडी हे कृंतक ठरले. दोघांच्या वाटा सुमारे ४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या!

अशा पुन्हा सापडलेल्या प्राण्यांना बायबलमधल्या लाझरसचं नाव देतात. मला ते खटकतं. लाझरस मरून उठला होता. खा-न्यू कधी मेलाच नव्हता. १ कोटी १० लाख वर्षांचे त्याचे जीवाश्म आपल्या हाती लागले नव्हते, एवढंच. डोंगराखालच्या गावांना त्याचं बीळ, त्याची चव आणि नाव, तिन्ही ठाऊक होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते त्याचं गोत्र, आणि ते दगडांवाचून कुणालाच कळलं नसतं.

म्हणून कुळाचं नाव बदलणं ही मला नुसती कागदी दुरुस्ती वाटत नाही. २०११ साली हा प्राणी शेजारच्या व्हिएतनाममध्येही सापडला, पण जाती तीच. सापळ्यात अडकलेल्या खा-न्यूच्या मागे त्या जुन्या कुळातली दुसरी एकही जाती आज उरलेली नाही.