दोन सुतांची जागा
अमेरिकन मसल कार आणि हेडरचा इतिहास

अमेरिकन मसल कारचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांत सांगितला जातो. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली आणि पुढची सात-आठ वर्षे डेट्रॉइटच्या कंपन्यांत मोठ्या इंजिनांची चढाओढ लागली. ही कथा अनेकांना ठाऊक असते. या गाड्यांचा दुसरा इतिहास मात्र बॉनेटखाली, इंजिन आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत घडला. आपल्याकडचे सुतार आणि फिटर इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. तो इतिहास मोजायला हेच माप योग्य.

आठ सिलिंडरांच्या व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडर दोन बाजूंना असतात. जळालेला वायू बाहेर नेण्यासाठी कारखाना प्रत्येक बाजूला बिडाचा ओतीव मॅनिफोल्ड लावतो. तो स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारा असतो. पण त्याच्या आखूड, वळणाच्या पोकळीत चारही सिलिंडरांचा वायू एकमेकांच्या वाटेत येतो. हेडरची कल्पना साधी आहे : प्रत्येक सिलिंडरला पोलादी पत्र्याची स्वतंत्र लांब नळी द्यायची आणि चारही नळ्या पुढे एका जाड नळीत, ‘कलेक्टर’मध्ये, मिळवायच्या. एका सिलिंडरमधून सुटलेल्या वायूच्या मागे दाब कमी होतो आणि तो दुसऱ्या सिलिंडरमधला वायू ओढून घ्यायला मदत करतो. त्यासाठी नळ्या पुरेशा लांब आणि शक्य तितक्या सारख्या लांबीच्या हव्यात. म्हणजेच त्यांना जागा हवी. आणि नेमकी तीच नव्हती.

ती का नव्हती, हे पाहण्यासाठी १९६० साली जावे लागते. त्या वर्षीच्या मॉडेलांत फोर्डने ‘फाल्कन’ आणि क्रायस्लरने ‘व्हॅलिअंट’ या छोट्या, काटकसरी गाड्या आणल्या. दोन्ही सहा सिलिंडरांच्या इंजिनासाठी आखलेल्या होत्या. १९६४च्या एप्रिलमध्ये आलेली मस्टँग फाल्कनच्या सांगाड्यावर उभी होती, तर तिच्या दोन आठवडे आधी आलेली प्लिमथ बॅराकुडा व्हॅलिअंटच्या. मस्टँगची मूळ किंमत २,३६८ डॉलर ठेवता आली, त्यामागे ही उसनवारीही होती. पण उसन्या सांगाड्याबरोबर त्याची रुंदीही आली. फाल्कनमध्ये पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा सस्पेन्शनच्या वरच्या दांड्यावर बसत. त्यांना आधार देणारे पत्र्याचे दोन बुरूज इंजिनाच्या दोन्ही अंगांना उभे असत. मस्टँगच्या व्ही-८ला त्यांच्यामध्येच अंग चोरून बसावे लागले.

२८९ घनइंचांचे इंजिन तिथे सामावले. कॅरोल शेल्बीने १९६५च्या जीटी-३५० मध्ये त्याला हेडर, नवा इनटेक आणि मोठा कार्बुरेटर देऊन २७१ अश्वशक्तीची ३०६ केली. अडचण सुरू झाली ती त्याहून मोठी इंजिने आल्यावर.

१९६७ची बॅराकुडा हे तिचे बोलके उदाहरण. क्रायस्लरने तिच्यात ३८३ घनइंचांचे इंजिन बसवले. हेच इंजिन कंपनीच्या मोठ्या गाड्यांत ३२५ अश्वशक्ती देई. बॅराकुडात कागदावर आकडा आला २८०. फरकाचे मुख्य कारण वायू बाहेर पडण्याच्या वाटेत होते : स्टीअरिंग आणि सस्पेन्शनला चुकवण्यासाठी मॅनिफोल्ड इतके आवळावे लागले की इंजिनाचा श्वासच कोंडला. पॉवर स्टीअरिंगच्या पंपालाही जागा उरली नाही. ग्राहकाने पैसे मोजायची तयारी दाखवली तरी या इंजिनाबरोबर ते मिळत नसे. १९६९ साली याच सांगाड्यात ४४० घनइंचांचे इंजिन कोंबले गेले, तेव्हा पॉवर ब्रेकही गेले. सर्वांत जड नाकाची गाडी चालकाने केवळ मनगटाच्या जोरावर वळवायची आणि पायाच्या जोरावर थांबवायची, असा हा सौदा होता.

कारखान्यांना हे कळत नव्हते असे नाही. फोर्डने १९६७ची मस्टँग रुंद केली ती ३९० घनइंचांचे इंजिन मावावे म्हणून. १९६९ साली नॅसकार शर्यतींच्या नियमांसाठी ‘बॉस ४२९’ विकणे भाग पडले, तेव्हा ते रुंद इंजिन या मस्टँगमध्येही बसेना. मिशिगनमधल्या ब्रायटन गावी कार क्राफ्टच्या कार्यशाळेत बुरूज बदलून जागा करावी लागली. बॅटरी डिकीत गेली. क्रायस्लरने १९७० साली व्हॅलिअंटचा आधार सोडून नवी, रुंद बॅराकुडा आणली. तोपर्यंत जुन्या अरुंद गाड्या रस्त्यावर होत्याच, आणि त्यांच्या मालकांना कोंडलेली ताकद मोकळी करून हवी होती.

ही गरज भागवणारा धंदा मुख्यतः कॅलिफोर्नियात वाढला. बॉब हेडमनने १९५४ मध्येच हेडर बनवायला सुरुवात केली होती. १९६३ साली अशा सुट्या भागांच्या उत्पादकांची ‘सेमा’ ही संघटना उभी राहिली. खोक्यातून आलेला हेडर मालक घरच्या शेडमध्ये बसवू लागला, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून गर्दी डाव्या अंगाला. स्टीअरिंगचा बॉक्स आणि दांडा, क्लचचा आडवा दुवा, ब्रेकच्या नळ्या सगळे तिथेच, आणि त्यांच्यामधून चार नळ्या खाली न्यायच्या. क्रायस्लरच्या गाड्यांत स्प्रिंगांच्या जागी लांब टॉर्शन बार असत. काही हेडर बसवताना ते काढूनच ठेवावे लागत. मस्टँगमध्ये पॉवर स्टीअरिंगचा दट्ट्या खाली सरकवण्यासाठी वेगळा कंस लावत. हेडर वरून जात नसे. गाडी जॅकवर चढवून, इंजिनाचे माउंट सोडून, इंजिन थोडे उचलून तो खालून सारावा लागे. एवढे करून स्पार्क प्लगला पान्हा लागत नसे, स्टार्टर उष्णतेने भाजून निघे आणि कलेक्टर गतिरोधकावर घासे.

शेवटचा उपाय हातोडी. नळी जिथे अडे तिथे तिला पोचा पाडत. ज्या वाटेसाठी सगळा खटाटोप, तीच थोडी अरुंद करायची.

गाडी उभी असताना सुटलेली फट पुरेशी नसते, हे अनेकांना नंतर कळे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन आपल्या रबरी माउंटवर एका अंगाला कलते. पोलादही तापल्यावर वाढते : मीटरभर लांबीची नळी ५०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे सहा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन सूत लांब होते. शेडमध्ये गार इंजिनावर न लागणारी नळी रस्त्यावर स्टीअरिंगच्या दांड्याला टेकू शकते. खडखडाट झाला तर तो सहन करता येतो. वळणावर स्टीअरिंग अडले तर प्रश्न जिवाचा असतो.

१९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर या चढाओढीला ओहोटी लागली. विम्याचे हप्ते आधीच वाढले होते. १९७३च्या तेलटंचाईने उरलेली हौस महाग केली. १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि हेडर बसवणे हा जागेबरोबर कायद्याचाही प्रश्न झाला. आज त्या जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी आखूड हेडर आणि लहान स्टार्टर मिळतात. काही जण मस्टँगचे बुरूज कापून नवे सस्पेन्शनच बसवतात.

बिडाचा मॅनिफोल्ड लावणाऱ्या अभियंत्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. त्यांना किंमत, आवाज, टिकाऊपणा आणि जुळणीचा वेग या सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी जुळवायचा होता. मालकाला फक्त वेग हवा होता. दोघांच्या हिशेबातला फरक शेवटी त्या फटीत येऊन साठला. काटकसरीसाठी आखलेल्या सांगाड्यावर ताकदीची हौस भागवण्याची जी किंमत विक्रीच्या पत्रकात कुठेच छापलेली नव्हती, ती मालकाने गाडीखाली उताणे पडून, पान्हा आणि हातोडी घेऊन चुकती केली.